आठवीचे गणित आणि आमचा जुना तराजू

पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवीला संपते. निकालाचा कागद हातात पडला की आई-वडिलांसमोर तीन वाटा उरतात. लांबच्या उर्दू हायस्कूलला एस.टी.ने धाडायचे, जवळच्या मराठी हायस्कूलात घालायचे, नाहीतर घरी ठेवायचे. मुलगा असला तर पहिल्या दोन वाटांचा विचार होतो. मुलगी असली की तिसरी वाट कोणी न सुचवताच समोर येऊन उभी राहते.

आमच्या बहिणीची धाकटी मुलगी अशीच सातवी पास होऊन जूनमध्ये आमच्याकडे राहायला आली. तिच्या गावी पुढे शाळा नाही, आणि आमच्या कसब्यात मराठी हायस्कूल घरापासून दहा मिनिटांवर. घरात तिला सगळे छोटी म्हणतात, तर येथेही तेच म्हणू. आमचे घर म्हणजे खाली किराणा दुकान आणि वर राहायच्या तीन खोल्या. दुकान तिचे खालू पाहतात. खाला उर्दू शाळेत मास्तरीण. बी.एड.ला अध्यापन पद्धती उर्दू आणि मराठी होत्या. गणिताशी संबंध दहावीच्या पेपरापुरता. खालूंचे शिक्षण बारावी कॉमर्स. म्हणजे आठवीच्या मुलीला बीजगणित शिकवायला लायक असे घरात कोणी नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे.

छोटी सातवीपर्यंत गणितात हुशार होती. पाढे तोंडपाठ, अपूर्णांकांची भीती नाही. ऑगस्टमधल्या घटक चाचणीत तिला २० पैकी ४ मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि परत यायला तयार होईना. ‘मेरेकू नै जाना. मैं मशीन सीखती,’ म्हणाली. मशीन म्हणजे शिलाई मशीन. शिवणकाम वाईट नाही. आमच्या गल्लीत दोन बायकांचे घर त्याच्यावर चालते. पण तेरा वर्षांची मुलगी चार मार्कांना भिऊन मशीनीवर बसणार असेल तर ते शिवणकाम शिकणे नव्हे. तिचे अब्बा टेम्पो चालवतात, स्वभावाने मऊ. ‘पोरगी नाही म्हणते तर जबरदस्ती कशाला,’ असे त्यांचे म्हणणे. एखादा बाप हट्टाने मुलीला शाळेतून काढत असेल तर त्याच्याशी भांडता येते. प्रेमाने काढणाऱ्याशी कसे भांडायचे? आम्ही एवढेच म्हणालो, मार्चपर्यंत राहू द्या, मग बघू.

आल्यावर तिची वही उघडून बसलो. चुका पाहताना एक गोष्ट लवकर कळली. आकडे जिथे नुसते आकडे होते तिथे ती चुकत नव्हती. शब्द आला की ती अडखळत होती.

आता हे शब्द बघा. ‘चल’. मराठी माध्यमातल्या मुलाला सवयीने कळते की चल म्हणजे ज्याची किंमत बदलू शकते ते. छोटीला चल म्हणजे ‘चल, निघ’. उर्दूत तिने मुतग़य्यर हा शब्द ऐकला होता. ‘बैजिक राशींचे अवयव’ हा धडा. राशी म्हटल्यावर तिला पेपरातले राशिभविष्य आठवले आणि अवयव म्हटल्यावर विज्ञानाच्या पुस्तकातले यकृत आणि मूत्रपिंड. या दोन्हींचा गणिताशी काय संबंध, हे तिने वर्गात विचारले नाही, कारण वर्गात हसतील. ‘पद’ म्हणजे सरपंचपद. ‘समीकरण’ हा शब्द तिने निवडणुकीच्या बातम्यांत ऐकला होता. तिच्या मराठीच्या वहीत हे सगळे शब्द सुवाच्य अक्षरात होते, अर्थ मात्र एकाचाही नव्हता.

हे काम आमच्या हातचे होते. आठ दिवस गणित बाजूला ठेवले आणि शब्द घेतले. राशी म्हणजे रास. खळ्यावर ज्वारीची असते ती. बैजिक राशी म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची मिळून झालेली रास. अवयव म्हणजे ज्यांचा गुणाकार करून ती संख्या बनली ते भाग. हात, पाय, डोके मिळून माणूस, तसे २, ३ आणि ५ यांच्या गुणाकाराने ३०. समीकरणाला उर्दूत मसावात म्हणतात, आणि मसावात हा शब्द तिला शाळेतल्या तक़रीरीमुळे पाठ होता, इन्सानी मसावात, सगळे बराबर. ‘तो फिर दोनों बाजू बराबर, बस?’ म्हणाली. बस. एवढेच. यापेक्षा चांगली व्याख्या आम्हाला सुचली नसती.

पण बराबर हे चिन्हच तिला नीट माहीत नव्हते, आणि ते बहुतेक मुलांना माहीत नसते असे आमचे मत आहे. पहिलीपासून मुले ३ + ४ = असे लिहितात आणि पुढे उत्तर टाकतात. त्यामुळे त्या दोन रेघा म्हणजे ‘आता उत्तर येणार’ असा इशारा, असा समज पक्का होतो. छोटीच्या वहीत अशी ओळ सापडली:

३क्ष + ५ = २० = २० − ५ = १५ ÷ ३ = ५

उत्तर बरोबर आहे. क्ष ५ आहे खरा. पण ओळ पूर्ण वाचली तर २० आणि १५ आणि ५ हे सगळे एकमेकांच्या बरोबरीचे ठरतात. अशा हिशेबाच्या दुकानात दुसऱ्यांदा कोण जाईल? बाईंनी या ओळीवर लाल फुली मारली होती. छोटीला वाटत होते की उत्तर बरोबर असून मार्क कापले, म्हणजे बाईंना आपण आवडत नाही. दोन्ही बाजूंना राग, आणि कारण एवढेसे चिन्ह. ते चिन्ह इंग्लंडमधल्या रॉबर्ट रेकॉर्ड या माणसाने १५५७ च्या आपल्या पुस्तकात पहिल्यांदा छापले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्याने निवडल्या, कारण त्यांच्याइतक्या एकसारख्या दोन गोष्टी त्याला सुचल्या नाहीत. म्हणजे त्या रेघा पुढचे उत्तर दाखवणारा बाण नाहीत, त्या इकडचे आणि तिकडचे सारखे आहे अशी साक्ष आहेत. मग नियम केला: एका ओळीत बरोबरचे चिन्ह एकदाच. पुढची गोष्ट पुढच्या ओळीत, आणि चिन्हाखाली चिन्ह.

यानंतर आला ‘एकचल समीकरणे’ हा धडा. वर्गात, शिकवणीत, गल्लीतल्या मोठ्या मुलांकडून, सगळीकडून तिला एकच मंत्र मिळालेला: इकडचे तिकडे नेले की चिन्ह बदलते. अधिकचे उणे, उणेचे अधिक, गुणिलेचे भागिले. मंत्र खोटा नाही. पण का बदलते हे न सांगता दिलेला मंत्र पोरे कुठेही म्हणतात. ३क्ष = १२ असेल तर ३ तिकडे नेऊन क्ष = १२ − ३ करतात, कारण चिन्ह बदलायचे एवढेच डोक्यात असते.

येथे दुकान कामाला आले. आता काट्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक वजनयंत्र आहे. वस्तू ठेवली की आकडा दिसतो, संपले. त्याच्यावर बीजगणित शिकवता येत नाही, कारण ते सगळे स्वतःच सांगून मोकळे होते. जुना तराजू माळ्यावर होता. दांडी, दोन पितळी पारडी, साखळ्या, आणि एका पारड्याला बांधलेली तारेची बारीक गुंडाळी. छोटीने विचारले, हे काय? तो पासंग. रिकामी पारडी एका रेषेत नसली तर हलक्या बाजूला थोडे वजन बांधून आधी तराजू सरळ करायचा, मग माल ठेवायचा. ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो तो हाच पासंग. आजकालच्या मुलांना म्हण माहीत असते, वस्तू पाहिलेली नसते.

मगरिबनंतर गिऱ्हाईक कमी असते. दुकानाच्या फळीवर तराजू टांगला. खालूंनी साखरेच्या सारख्या वजनाच्या तीन पुड्या बांधल्या, किती वजनाच्या ते सांगितले नाही. एका पारड्यात तीन पुड्या आणि २०० ग्रॅमचे माप, दुसऱ्यात एक किलो, ५०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम. काटा सरळ. आता एक पुडी किती? तिने आधी डोळ्यांनीच ओळखले की २०० चे माप दोन्हीकडे आहे. दोन्ही उचलली. काटा सरळच राहिला. तीन पुड्या, दीड किलो. एक पुडी अर्धा किलो. हे वहीत लिहायला लावले:

३क्ष + २०० = १७००
३क्ष = १५००
क्ष = ५००

‘तिकडे नेलेच नाही काही,’ ती म्हणाली. खरेच. इकडून तिकडे काहीच जात नाही. दोन्हीकडून सारखे उचलले जाते, आणि वहीत पाहणाऱ्याला वाटते की ते इकडून गेले आणि तिकडे उणे होऊन उगवले.

दुसऱ्या दिवशी जरा अवघड मांडले. इकडे पाच पुड्या आणि १०० ग्रॅम, तिकडे तशाच दोन पुड्या आणि एक किलो. ती बराच वेळ पाहत राहिली. वजने सारखी नाहीत, मग उचलायचे काय? खालू काही बोलले नाहीत. आम्हालाही जीभ आवरून बसणे जड जात होते. घरी शिकवताना सर्वांत कठीण काम हेच आहे. शेवटी तिने हळूच इकडची एक पुडी आणि तिकडची एक पुडी उचलली आणि काट्याकडे पाहिले. मग आणखी एक एक. काटा सरळ. पुडीचे वजन माहीत नाही, तरी ती दोन्हीकडून काढता येते! तिचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. इकडे तीन पुड्या आणि १०० ग्रॅम, तिकडे एक किलो. तीन पुड्या ९०० ग्रॅम, एक पुडी ३००. मग तिने स्वतःहून ३०० हा आकडा परत मूळ मांडणीत घालून पाहिला: पाच पुड्यांचे १५०० आणि १०० म्हणजे १६००, दोन पुड्यांचे ६०० आणि १००० म्हणजे १६००. याला पडताळा म्हणतात. इथे आमच्या वाचक भगिनींना एक सांगावेसे वाटते. ज्यांचे शिक्षण पाचवी-सातवीपर्यंतच झाले आहे त्यांनाही मुलांचा पडताळा घेता येतो. समीकरण सोडवता आले नाही तरी चालेल. मुलाने काढलेली किंमत क्षच्या जागी ठेवायची, डावीकडचा हिशेब वेगळा, उजवीकडचा वेगळा, दोन्ही जुळले तर उत्तर बरोबर. त्याला बाजारहाटाएवढेच गणित लागते. ‘आमच्या वेळी हे नव्हते’ असे म्हणून उठून जायची गरज नाही.

तराजू एका ठिकाणी थांबतो. उणे वजन पारड्यात ठेवता येत नाही. तिथून पुढे उधारीची वही घेतली. मराठीत उणे संख्येला ऋण संख्या म्हणतात आणि अधिकला धन. छोटीला उर्दूतले मनफ़ी आणि मुस्बत माहीत होते, पण त्या शब्दांतून चित्र उभे राहत नाही. ऋण म्हणजे कर्ज, हे मराठी शब्दातच लिहिलेले आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने अशा संख्यांचे नियम सांगितले तेही धन आणि ऋण याच शब्दांत. कर्जात कर्ज मिळवले तर कर्ज वाढते. धनातून तेवढेच ऋण गेले तर शून्य. हे किराणा दुकानात रोज घडते.

कंसाबाहेरच्या उणे चिन्हाने मात्र तिला फार छळले. १०० − (क्ष − १०) = ६०. कंस सोडवताना आतल्या उणे १० चे अधिक १० का होते? ‘उणे उणे अधिक’ हा आणखी एक मंत्र. आम्ही म्हणालो, तू शंभराची नोट घेऊन दुकानात आलीस. वस्तूची किंमत क्ष, त्यावर दहा रुपये सूट. हातात साठ उरले. आता समज, खालू सूट द्यायला विसरले आणि पूर्ण क्ष कापून घेतला. मग तू आठवण करून दिलीस, तर ते काय करतील? ‘दस वापस देंगे.’ म्हणजे १०० − क्ष + १०. क्ष ५० निघाला. शंभरातून चाळीस गेले, साठ उरले. कंस सोडवणे हा प्रकार त्या दिवसापासून आमच्या घरी ‘सूट वापस’ या नावाने ओळखला जातो.

शाब्दिक उदाहरणे हा पुन्हा भाषेचा प्रांत. एक उदाहरण असे होते: एका संख्येच्या तिपटीत ४ मिळवले असता येणारी संख्या त्या संख्येच्या पाचपटीपेक्षा ८ ने कमी आहे, तर ती संख्या कोणती? मराठी माध्यमाच्या मुलांनाही हे वाक्य एका दमात पचत नाही. ‘मिळवले असता येणारी’ असे कोण बोलते? आम्ही तिला वाक्य फोडायला शिकवले, जसे उर्दूतला लांब जुमला आम्ही वर्गात फोडतो. एक संख्या आहे. तिची तिप्पट केली. त्यात ४ मिळवले. हा झाला पहिला ढीग. तीच संख्या, पाचपट केली. हा दुसरा. पहिला ढीग दुसऱ्यापेक्षा ८ ने कमी. येथे ती ८ − ५क्ष लिहीत होती, कारण वाक्यात ८ आणि ‘कमी’ शेजारी आहेत. तिला विचारले, खाला खालूपेक्षा दोन वर्षांनी लहान, तर खालाचे वय कसे काढशील? ‘खालू के उमर में से दो निकालना.’ मग येथे कशातून काढायचे? ५क्ष − ८. समीकरण झाले ३क्ष + ४ = ५क्ष − ८. क्ष ६, दोन्हीकडे २२. गणिताच्या तासाला जे मूल नापास होते ते कित्येकदा ‘पेक्षा’ आणि ‘पैकी’ या दोन शब्दांत नापास झालेले असते. भाषेच्या शिक्षकांनी हे ऐकून घ्यावे.

वयांच्या उदाहरणांवर मात्र तिचा आक्षेप आम्हाला मान्य करावा लागला. वडिलांचे वय मुलाच्या चौपट आहे, पाच वर्षांनी ते तिप्पट होईल, तर आजची वये काढा. तिने मुलगा १० आणि वडील ४० असे काढले, आणि म्हणाली, ‘अब्बा कू उमर पूछ लेना ना, इत्ता कायकू करना?’

मग खरोखर कशासाठी हे सगळे निघाले ते सांगावे लागले. अल-जब्र या नावावरून आधीच एक गंमत झाली होती. उर्दूत जब्र म्हणजे जबरदस्ती, जुलूम. नाव ऐकल्याबरोबर छोटी म्हणाली, बरोबर आहे, जुलूमच आहे. पण अरबीत जब्रचा एक अर्थ मोडलेले जोडणे, हाड जागेवर बसवणे असाही आहे. स्पेनमध्ये हाड बसवणाऱ्या माणसाला बरीच शतके ‘अल्हेब्रिस्ता’ म्हणत. बगदादमध्ये खलीफा अल-मामूनच्या काळात, इ. स. ८२० च्या आसपास, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज़्मी यांनी ‘अल-जब्र वल-मुक़ाबला’ या हिशेबावर लहानसे पुस्तक लिहिले. समीकरणात एका बाजूला काही वजा केलेले असेल तर तेवढे दोन्हीकडे घालून ती तूट भरून काढायची, हा जब्र. दोन्हीकडे सारख्या जातीचे असेल ते समोरासमोर धरून उडवायचे, हा मुक़ाबला. म्हणजे दुकानात दोन्हीकडून एक एक पुडी उचलली तो मुक़ाबला होता. या पुस्तकात क्ष नाही, अधिक-उणेची चिन्हे नाहीत. सगळे शब्दांत आहे. अज्ञात राशीला ‘शय’, म्हणजे वस्तू, असे म्हणतात. छोटीला हे फार आवडले. शब्दांत गणित करणारा माणूस तिला आपल्यातला वाटला.

याच शय शब्दाचा स्पॅनिश लिपीत एक्स झाला, असे आपल्या मजलिसींत छातीठोकपणे सांगितले जाते. ऐकायला छान आहे, पण त्याला पक्का पुरावा नाही. अज्ञातासाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे वापरायची पद्धत फ्रान्सच्या देकार्त यांच्या १६३७ च्या ग्रंथाने रूढ केली. आपले जे आहे ते पुष्कळ आहे, त्यात न सिद्ध झालेले मिसळू नये. आणि हे इल्म एका दिशेने वाहिलेले नाही. ख्वारिज़्मींनी हिंदी अंकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणित लिहिताना अज्ञात राशींना काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. अकबराच्या सांगण्यावरून फ़ैज़ीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फ़ारसीत आणली, आणि शाहजहानच्या काळात ‘बीजगणित’ही फ़ारसीत गेले.

ख्वारिज़्मींच्या पुस्तकाचा मोठा भाग वसियत आणि मीरास यांच्या हिशेबाचा आहे. ते छोटीच्या प्रश्नाचे उत्तर होते. आम्ही तिला उदाहरण घातले: एक माणूस वारला. कफन-दफन, कर्ज, वसियत वजा जाता ५,६०,००० रुपये उरले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पत्नीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. तिने मुलीचा हिस्सा क्ष धरला. पत्नीचे ७०,००० काढून उरले ४,९०,०००. दोन मुलांचे ४क्ष, तीन मुलींचे ३क्ष, मिळून ७क्ष. क्ष ७०,०००. मुलाला १,४०,०००. बेरीज करून पडताळाही केला.

त्या दिवसांत तिची नानी, म्हणजे आमची अम्मी, राहायला आली होती. तसबीह बाजूला ठेवून ती ऐकत होती. म्हणाली, ‘मेरे अब्बा का कर के देख.’ सोळा एकर जमीन. मागे तिची आई, तीन भाऊ आणि ती एकटी बहीण. छोटीने वही पुढे ओढली. आईचा आठवा हिस्सा, दोन एकर. उरले चौदा. तीन भावांचे ६क्ष, बहिणीचा एक, ७क्ष बराबर चौदा. ‘नानी, आप के दो एकर.’

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘कौन से दो? बावडी के पास के, कि माळ के?’

हे समीकरणात नव्हते. छोटीने आमच्याकडे पाहिले. तिने विचारले, ‘आपने बख़्श दिये थे क्या?’ अम्मी म्हणाली, ‘किसी ने पूछाच नै. ईद कू साडी भेजते थे भाई लोग. अच्छी साडी भेजते थे.’ आणि तसबीह पुन्हा हातात घेतली. छोटीने ते उदाहरण खोडले नाही. वहीत तारखेसह आहे, शेजारी तिने उर्दूत लिहिले आहे, नानी का हिस्सा.

त्यानंतर ती बीजगणिताला जुलूम म्हणाल्याचे आम्ही ऐकले नाही. सगळे सुरळीत झाले असेही नाही. बहुपदींचा भागाकार अजून तिला रडवतो, आणि त्याला तराजूही चालत नाही, उधारीची वहीही. त्यासाठी शाळेतल्या बाईंना भेटलो. बाई चांगल्या आहेत. एका वर्गात सत्तरावर मुले, त्या तरी किती वह्या बघणार. छोटी प्रश्न विचारत नाही कारण मराठी बोलताना हसतील अशी तिला भीती वाटते, हे आम्ही त्यांना सांगितले. तेव्हापासून त्या तिला दुसऱ्या बाकावर बसवतात आणि मधल्या सुट्टीत प्रश्न उर्दूमिश्रित मराठीत ऐकून घेतात. त्यांनाही आता मसावात हा शब्द येतो.

रोजचा अभ्यास अर्धा तासच घेतो, मगरिब आणि इशाच्या मध्ये. पाचच उदाहरणे. पेन तिच्या हातात, आमच्या नाही. मोठी माणसे मदत करता करता कधी पेन स्वतःच्या हातात घेतात ते त्यांना कळत नाही, आणि मूल मग नुसते बघत बसते. ती प्रत्येक ओळ मोठ्याने बोलून लिहिते. चुकली तर ‘चूक’ म्हणत नाही, ‘पडताळा कर’ म्हणतो. चूक कुठे आहे ती तिची तीच शोधते, कधी दोन मिनिटांत, कधी दुसऱ्या दिवशी. गिऱ्हाईक आले तर अभ्यास थांबतो आणि हिशेब तिलाच करायला लावतो. खालूंचा त्यात फायदा आहे, हे ते नाकारत नाहीत.

फेब्रुवारीतल्या चाचणीत तिला २० पैकी १३ मिळाले. एकचल समीकरणांचे सगळे, भागाकाराचे एकही नाही. मार्चच्या शेवटी तिच्या अब्बांचा फोन आला. मार्कांचे त्यांनी विचारले नाही. आठवीपर्यंत पुस्तके सरकारकडून मिळतात, नववीची विकत घ्यावी लागतात, तर जुनी कुठे मिळतील का, असे विचारत होते. नववीला गणिताची दोन पुस्तके असतात, भाग एक आणि भाग दोन. दोन्ही सांगून ठेवली आहेत.